एका अशिलापायी बाकीच्यांच्या फाइली उघड्या पडू नयेत म्हणून

तुम्ही विचारलंय, पोलीस वकिलाच्या ऑफिसची झडती घ्यायला आले तर इतर अशिलांची माहिती कशी जपायची. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. आधी एक सांगतो, काही लपवू नका, कॉम्प्युटरमधलं काही पुसू नका. पुरावा नष्ट केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 किंवा 241 खाली तुम्हीच आरोपी व्हाल. मग अशिलासाठी उभं कोण राहणार?

मी ज्युनिअर असताना आमच्या सरांच्या ऑफिसात झडती झाली होती. हवं होतं एका अशिलाचं खरेदीखत, पण शिपाई अख्खा कॉम्प्युटर उचलायला लागले. त्यात घटस्फोटाचे दावे होते, बायकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी होत्या. सर आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, खरेदीखत घ्या. बाकीच्याला माझी हरकत आहे, ती पंचनाम्यात लिहा." शेवटी फक्त हार्ड डिस्क खाकी पाकिटात गेली. लाखेचं सील, पंचांच्या आणि सरांच्या सह्या. पाकीट उघडलं ते कोर्टातच.

आता कायदा सोबतीला आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम 132 नुसार अशिलाने वकिलाला सांगितलेलं त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही. हा हक्क अशिलाचा आहे, तुम्ही फक्त राखणदार. मात्र गुन्हा करण्यासाठीच सल्ला घेतला असेल तर हे संरक्षण नाही, आणि खरेदीखतासारख्या कागदालाही ते लागू होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2025 ला सांगितलं की, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या) कलम 94 खाली पोलिसांनी वकिलाचा लॅपटॉप किंवा मोबाइल मागवला तर तो कोर्टापुढेच हजर करायचा. संबंधित अशिलाला नोटीस द्यायची, उपकरण त्याच्या आणि वकिलाच्या समक्ष उघडायचं, इतर अशिलांची गुप्तता राखायची. हे मागवण्याबद्दल आहे, झडतीबद्दल नाही. तरी निकालाची प्रत जवळ ठेवा आणि लेखी हरकतीत त्याचा आधार घ्या.

याच संहितेच्या कलम 105 मुळे झडतीचं व्हिडिओ चित्रण आता सक्तीचं आहे. ते सुरू असतानाच हरकत मोठ्याने बोला. जप्तीच्या यादीची सहीची प्रत घेतल्याशिवाय त्यांना जाऊ देऊ नका.

आणि आजच प्रत्येक अशिलाचं फोल्डर वेगळं करा. एकच मागितलं तर एकच देता आलं पाहिजे.