पाळीव उंदीर : आहार, आजारपण आणि उपचार

वाचकांच्या पत्रांमध्ये कुत्री, मांजरे आणि मासे यांच्याविषयीचे प्रश्न नेहमीच अधिक असतात. या वेळी मात्र नागपुरातून पाळीव उंदरांविषयी इतकी पत्रे आली आहेत की संपूर्ण सदर त्यांनाच देणे योग्य वाटले. ज्यांच्याविषयी हे प्रश्न आहेत ते उंदीर तपकिरी उंदराच्या माणसाळलेल्या जातीचे, पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या सहवासात वाढलेले प्राणी आहेत. त्यांचे आयुष्य साधारण दोन ते तीन वर्षांचे असते. एवढ्या अल्प आयुष्यात आठवडाभराची हेळसांडही फार मोठी ठरते, हे पुढील उत्तरे वाचताना ध्यानात ठेवावे.

प्रश्न : माझ्या मुलाने दोन नर उंदीर पाळले आहेत. दुकानदाराने दिलेल्या मिश्र दाण्यांतून ते सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या वेचून खातात आणि बाकीचे टाकून देतात. आम्ही पोळी, भात, बिस्किटे आणि हंगामात संत्र्याच्या फोडीही देतो. हे योग्य आहे का? (एक वाचिका, मनीषनगर)

उत्तर : आपण ज्या बारकाईने त्यांचे खाणे पाहिले आहे, त्यातच अर्धे उत्तर आहे. मिश्र दाण्यांचे पाकीट वाचले तर त्यातील घटक ठीक दिसतात. परंतु उंदीर त्यातून सर्वांत स्निग्ध पदार्थ आधी निवडतो आणि सूर्यफुलाच्या सोललेल्या बीमध्ये जवळपास निम्मा भाग तेलच असते. म्हणजे पाकिटावर काही लिहिलेले असले तरी आपल्या उंदरांच्या पोटात मुख्यतः तेल जात आहे. यासाठीच सर्व पोषक द्रव्ये एकाच गोळीत एकत्र दाबून बनवलेले उंदरांचे गोळीखाद्य हा आहाराचा पाया असावा. त्यात वेचून खाण्यास वावच राहत नाही. प्रौढ उंदराला दिवसाला साधारण पंधरा ते वीस ग्रॅम कोरडे खाद्य पुरते. गोळीखाद्य घेताना प्रथिने चौदा ते सोळा टक्के आणि स्निग्धांश चार-पाच टक्क्यांच्या आसपास आहे ना, हे पाहावे. वाढत्या वयाच्या पिलांना आणि गाभण मादीला प्रथिने याहून अधिक लागतात. ससे किंवा गिनीपिग यांच्यासाठीचे खाद्य उंदरांना चालत नाही, कारण ते प्राणी पूर्ण शाकाहारी आहेत आणि उंदीर सर्वाहारी आहे.

गोळीखाद्याच्या जोडीला रोज थोडी ताजी भाजी द्यावी. काकडी, गाजर, दुधी, मटार, फुलकोबी, मेथीची पाने, मोड आलेले मूग हे सारे गोकुळपेठेच्या बाजारात सहज मिळते आणि उंदीर ते आवडीने खातात. शिजवलेली ज्वारी किंवा दलिया थोड्या प्रमाणात उत्तम. आठवड्यातून एक-दोनदा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा आणि चिमूटभर जवस द्यावे. आपल्या भागात पिकणाऱ्या जवसाने केसांचा पोत सुधारतो, असा अनेक पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. बिस्किटे मात्र पूर्ण बंद करावीत. पोळी आणि भात विषारी नाहीत. पण त्यांनी पोट भरले की उंदीर गोळीखाद्य सोडतो आणि हळूहळू कुपोषित होतो, जरी वरून तो गुबगुबीत दिसत असला तरी. तर्री, रस्सा, फोडणीचे किंवा मिठाचे काहीही देऊ नये.

संत्र्याविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण नागपूरकराच्या घरी संत्रे नाही असा हिवाळा जात नाही. संत्र्याच्या सालीतील तेलात लिमोनीन नावाचे द्रव्य असते. नर उंदराच्या शरीरात तयार होणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाशी ते जोडले जाते, मूत्रपिंडात साचते आणि तेथील पेशींना इजा करते. मादी उंदरात किंवा माणसात हा प्रकार घडत नाही, म्हणून आपण निर्धास्तपणे खात असलेले फळ आपल्या दोन नरांसाठी योग्य नाही. सोललेल्या फोडीत हे तेल अल्प असते, तेव्हा आजवर दिलेल्या फोडींमुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र यापुढे साल तर नकोच आणि फोडीही नकोत. ‘क’ जीवनसत्त्वासाठी संत्रे हवे, ही समजूतही येथे लागू पडत नाही. उंदराचे शरीर ते जीवनसत्त्व स्वतःच तयार करते. सफरचंदाची बी काढलेली फोड किंवा केळ्याची एक चकती द्यावी.

काही पदार्थ कटाक्षाने टाळावेत. कच्चा राजमा, कच्चे रताळे, हिरवट पडलेला बटाटा, कच्चा कांदा, चॉकलेट, चहा-कॉफी आणि फसफसणारी पेये यांपैकी काहीही उंदराला देऊ नये. लाखोळीच्या डाळीत मज्जासंस्थेला बाधक असे द्रव्य असते, म्हणून तीही टाळावी. उंदराला उलटी करता येत नाही, ढेकरही देता येत नाही. चुकीचा पदार्थ एकदा पोटात गेला की तो बाहेर टाकण्याचा मार्गच त्याच्यापाशी नसतो, आणि म्हणूनच या बाबतीत माझा सूर थोडा कठोर आहे.

नवे खाद्य एका दिवसात बदलू नये. उंदीर अनोळखी पदार्थ आधी अगदी थोडा चाखतो आणि काही त्रास झाला नाही तरच पुढे खातो. जुन्या मिश्रणात गोळ्या मिसळून दहा-पंधरा दिवसांत प्रमाण वाढवत न्यावे.

प्रश्न : आमचा उंदीर कधी कधी स्वतःची लेंडी खातो. त्याला काही कमी पडते आहे का? (एक वाचक, महाल)

उत्तर : नाही. हे उंदरांचे स्वाभाविक वर्तन आहे. आतड्याच्या शेवटच्या भागात जंतूंनी तयार केलेली काही जीवनसत्त्वे त्यातून त्यांना पुन्हा मिळतात.

प्रश्न : माझ्या मादीच्या नाकाभोवती आणि डोळ्यांच्या कडेला लाल रक्त दिसते. ती चार-पाच दिवसांपासून शिंकते आहे. घरातील खोकल्याचे औषध थेंबभर द्यावे का? (एक विद्यार्थिनी, धरमपेठ)

उत्तर : ते बहुधा रक्त नाही. उंदराच्या डोळ्यामागील ग्रंथीतून पॉर्फिरिन हे लालसर रंगद्रव्य असलेला स्राव येतो. निरोगी उंदीर तो पंजांनी पुसून टाकतो. आजार, वेदना किंवा ताण असला की स्राव वाढतो, अंग स्वच्छ करण्याची इच्छा कमी होते आणि तो डाग दिसू लागतो. पांढऱ्या कापसाच्या बोळ्यावर कोमट पाणी घेऊन हलकेच पुसावे आणि तो पुन्हा किती वेळाने दिसतो ते पाहावे. मात्र रक्त नाही म्हणून निश्चिंत राहू नये. शिंका आणि हा स्राव एकत्र दिसणे ही श्वसनाच्या आजाराची सर्वांत परिचित खूण आहे.

बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू लहानपणापासून, आईकडूनच आलेला असतो. तो वर्षानुवर्षे शांत राहतो आणि थंडी, धूळ, ओला पिंजरा, दाटी किंवा दुसरा संसर्ग यांचे निमित्त होताच डोके वर काढतो. मूत्रातून सुटणारा अमोनिया हे यातील फार मोठे कारण आहे, आणि पिंजऱ्याजवळ नाक नेल्यावर आपल्याला वास येत असेल तर जमिनीलगत श्वास घेणाऱ्या उंदराला तो कितीतरी अधिक बाधत असतो. चीड किंवा देवदाराच्या लाकडाचा भुसाही वापरू नये, कारण त्यातील उग्र सुवासिक द्रव्ये श्वासनलिकेला त्रास देतात. साध्या कागदाच्या पट्ट्या किंवा धुता येणारे सुती कापड त्याहून चांगले.

खोकल्याचे औषध देऊ नये. माणसाच्या मात्रेवरून तीनशे ग्रॅमच्या जिवाची मात्रा घरी ठरवता येत नाही. पशुवैद्य सहसा डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा दोन्ही मिळून देतात, आणि मात्रा वजनावरून ठरते. हे उपचार जंतू मुळासकट नष्ट करत नाहीत. ते आजार आटोक्यात आणतात. म्हणून दोन दिवसांत शिंका थांबल्या तरी सांगितलेला कालावधी पूर्ण करावा. डॉक्सिसायक्लिन दुधातून किंवा दह्यातून देऊ नये, कारण त्यातील कॅल्शियममुळे औषध शरीरात कमी शोषले जाते. कुस्करलेल्या केळ्यात ते सहज जाते.

केवळ शिंका असतील तर एक-दोन दिवसांत दाखवावे. परंतु श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, छातीला कान लावल्यावर घरघर ऐकू येत असेल, तोंड उघडून श्वास चालू असेल, तर त्याच दिवशी, शक्य असल्यास त्याच तासाला दवाखाना गाठावा. उंदीर नाकानेच श्वास घेणारा प्राणी आहे. त्याने तोंड उघडले याचा अर्थ त्याची शक्ती संपत आली आहे.

प्रश्न : दोन दवाखान्यांत ‘आम्ही उंदीर पाहत नाही’ असे उत्तर मिळाले आणि आमचा उंदीर तिसऱ्या ठिकाणी पोहोचण्याआधीच गेला. आता दुसरा आहे. वेळेवर मदत कशी मिळवावी? (एक वाचक, सक्करदरा)

उत्तर : आपले पत्र वाचून फार वाईट वाटले. शिकार होणारे प्राणी दुखणे लपवतात, त्यामुळे उंदीर आजारी दिसू लागतो तेव्हा आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो, आणि दवाखाना शोधण्यात गेलेला दिवस परत मिळत नाही. म्हणून डॉक्टर शोधण्याचे काम उंदीर धडधाकट असतानाच करावे. जवळच्या पशुवैद्यांना दूरध्वनी करून स्पष्ट विचारावे, की आपण उंदीर तपासता का, श्वसनाच्या आजारावर उपचार केले आहेत का, लहान प्राण्यांना वायुरूप भूल देण्याची सोय आहे का, आणि रात्री किंवा रविवारी कोणाकडे जावे. ‘नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचाही राग धरू नये. त्यांनाच विचारावे की हे काम कोण करते. एक पशुवैद्य दुसऱ्याला ओळखतोच.

नागपूरला या बाबतीत एक मोठा आधार आहे. सेमिनरी हिल्सचे नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून चालू आहे आणि ज्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी ते जोडलेले आहे, त्याचे मुख्यालयही याच शहरात आहे. महाविद्यालयाच्या दवाखान्यात वेगवेगळ्या विषयांचे तज्ज्ञ एकाच आवारात असतात. बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा आधी विचारून ठेवाव्यात. याशिवाय, औषधनिर्माणशास्त्राच्या संस्थांमधील प्राणिगृहांत काम केलेल्या पशुवैद्यांना उंदरांच्या प्रकृतीची चांगली जाण असते. असे कोणी ओळखीत असेल तर जरूर गाठावे.

घरी एक गोष्ट नियमाने करावी, ती म्हणजे स्वयंपाकघरातील ग्रॅमच्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून वहीत लिहून ठेवणे. डोळ्यांना काही दिसण्याआधी काट्याला दिसते. वजन दहा टक्क्यांनी घटले, म्हणजे चारशे ग्रॅमचा उंदीर तीनशे साठवर आला, तर इतर कोणतेही लक्षण नसले तरी दाखवावे. तपासणीला नेताना ती वही, चालू असलेली औषधे आणि श्वासाचा त्रास असेल तर मोबाइलवर घेतलेली चित्रफीत सोबत असावी, कारण टेबलावर घाबरलेला उंदीर पुष्कळदा लक्षणे दाखवत नाही. त्याचा सोबती उंदीर बरोबर नेल्यास तो शांत राहतो. शस्त्रक्रियेआधी कुत्र्याप्रमाणे रात्रभर उपाशी ठेवण्यास कोणी सांगितले, तर नम्रपणे पुन्हा विचारावे. उंदराला उलटी होतच नसल्याने त्याची गरज नसते, उलट उपाशी राहिल्याने त्याच्या रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते.

प्रश्न : दीड वर्षाच्या मादीच्या काखेत बोराएवढी गाठ आली आहे. डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात. करावी का? (एक वाचिका, प्रतापनगर)

उत्तर : मादी उंदरात स्तनग्रंथीच्या गाठी फार आढळतात. ही ग्रंथी गळ्यापासून मांड्यांपर्यंत पसरलेली असल्याने गाठ काखेत किंवा जांघेतही येते. त्यांपैकी बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु त्या वाढत राहतात आणि काही आठवड्यांतच चालणे अवघड करतात. आपली मादी खाती-पिती असेल आणि तिचा श्वास स्वच्छ असेल, तर बोराएवढी असतानाच गाठ काढणे हे मोसंबीएवढी झाल्यावर काढण्यापेक्षा कितीतरी सोपे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र भूल देण्याआधी छाती नीट तपासून घ्यावी. दोन-तीन दिवसांतच वाढलेली, गरम आणि दुखरी गाठ बहुधा गळू असते आणि तिचा उपचार निराळा असतो.

प्रश्न : मे महिन्यात पिंजरा कूलरसमोर ठेवला तर चालेल का? (एक वाचक, नंदनवन)

उत्तर : कूलर असलेल्या खोलीत ठेवावा, पण थेट झोतात नको. उंदराला घाम येत नाही. तो मुख्यतः शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो, आणि नवतपाच्या पंचेचाळीस अंशांत ते पुरे पडत नाही. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात आडवी ठेवावी. पिण्याच्या बाटलीची नळी रोज बोटाने तपासावी, कारण आतली गोळी अडकली तर भरलेल्या बाटलीजवळही तो तहानलेला राहतो. शंभर ग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे दहा मिलिलिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. लाळ गळणे, आडवे पडून राहणे, कान आणि शेपटी तापून लाल होणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी साध्या पाण्याने पाय आणि शेपटी ओली करून तत्काळ दवाखान्यात न्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. पावसाळ्यात दमट हवेत कूलरचा उपयोग होत नाही, तेव्हा नुसता पंखा आणि मोकळी खिडकी बरी.

प्रश्न : आमच्या फ्लॅट स्कीममध्ये बाहेरच्या उंदरांसाठी विषाच्या वड्या ठेवल्या आहेत. आमचा उंदीर संध्याकाळी घरभर फिरतो. धोका किती? (एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : फार मोठा. बाजारातील अनेक वड्यांमध्ये ब्रोमाडायोलोन असते. ते रक्त गोठू देत नाही आणि त्याची लक्षणे काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे वडी खाल्ल्यानंतरही उंदीर दोन दिवस अगदी ठीक वाटतो. या विषावर जीवनसत्त्व के-वन हा उतारा आहे, पण तो लक्षणांची वाट न पाहता आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कित्येक दिवस द्यावा लागतो. सोसायटीच्या सचिवांना भेटून आपल्या मजल्यावर विषाऐवजी पिंजरा-सापळे ठेवण्याची विनंती करावी. दाराखालची फट बंद करावी, कारण बाहेरचा उंदीर तोंडातून वडीचा तुकडा आत आणू शकतो, शिवाय पिसवा आणि लेप्टोस्पायरोसिससारखे आजारही आणतो. वडी कुरतडलेली दिसली, तर तिचे वेष्टन घेऊनच डॉक्टरांकडे जावे, म्हणजे कोणते विष ते लगेच कळेल.