आधाराचा हात

बडोदे

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दर रविवारी दिव्यांग मुलांना घोडेस्वारी शिकवायला येण्याची तुझी इच्छा वाचून मला मनापासून आनंद झाला. सयाजीबागेजवळचा 'काळा घोडा' हा पुतळा येता-जाता पाहण्यापलीकडे घोड्याशी आपला संबंध आला नाही, असे तू लिहिलेस. त्याची चिंता करू नकोस. घोडा सहवासाने कळू लागतो. आधाराला लावलेला हात कधी काढायचा, हे कळायला मात्र फार दिवस लागतात, आणि मुख्यतः तेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे नवशिक्या स्वाराबरोबर तिघे चालतात : एक घोड्याच्या तोंडाशी आणि दोघे दोन बाजूंना. बाजूच्या माणसाने आपला हात स्वाराच्या मांडीवरून आडवा ठेवायचा आणि बोटांनी खोगिराची पुढची कड धरायची असते. मी नवा असताना सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणे) असलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या उजवीकडे चालत होतो. ती पडेल या धास्तीने मी तिची मांडी इतकी घट्ट दाबून धरली की ती माझ्याच बाजूला कलू लागली. ती कलते आहे असे पाहून मी आणखी जोर लावला, तशी ती आणखी कलली. माझ्या गुरूंनी मैदानाच्या मध्यातूनच मला बोटे सैल सोडायला सांगितली. अर्धी फेरी होते न होते तोच तिचा कणा आपोआप सरळ झाला आणि तिची नजर माझ्या खांद्यावरून निघून घोड्याच्या दोन कानांमधून समोर गेली. जिकडे टेकू मिळतो तिकडे शरीर झुकते, हे मी त्या दिवशी शिकलो.

याचे कारण घोड्याच्या चालीत आहे. त्याच्या साध्या चालीने स्वाराचे कंबरेचे हाड पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडे वळत असे तिन्ही प्रकारे हलते, आणि ही हालचाल माणसाच्या स्वतःच्या चालण्याशी फार मिळतीजुळती असते. जे मूल कधीच चालले नाही, त्याच्या कंबरेला ती लय इथे पहिल्यांदा मिळते, आणि प्रत्येक पावलाला तोल सावरण्याचे काम त्याचे पोट आणि पाठ करतात. ते काम आपल्या हाताने केले, तर मूल नुसते फिरून येते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे गुडघ्याखालचे पाय १९४४ मध्ये झालेल्या पोलिओने निकामी झाले होते. घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना दुसऱ्याची मदत लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ज्युबिली या घोडीवर त्यांनी ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचे, रौप्यपदक जिंकले. मांड बसली की स्वार स्वतंत्र होतो; आपण तिथपर्यंतचे सोबती.

काही ठिकाणी मात्र हात आणि लक्ष तसूभरही हलता कामा नये. घोड्यावर चढवताना आणि उतरवताना घाई करू नकोस. आखडलेले पाय ओढून फाकवू नकोस; मुलाला अरुंद पाठीच्या घोड्यावर बसवून थांब. घोड्याचे अंग आपल्यापेक्षा किंचित गरम, सुमारे ३८ अंश असते, आणि त्या उबेने व संथ चालीने स्नायू पुष्कळदा आपसूक सैल होतात. मणक्याच्या दुखापतीमुळे ज्याला कंबरेखाली संवेदना नाही, त्याला पँटची शिवण टोचलेलीही कळत नाही, म्हणून उतरल्यावर त्वचा लाल झाली आहे का हे घरच्यांना आवर्जून पाहायला सांग. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेविषयी डॉक्टरांचे पत्र आल्याशिवाय त्याला चढवायचे नाही, मग आई-वडिलांनी कितीही आग्रह केला तरी. आणि कोणालाही खोगिराला बांधायचे नाही, कारण घोडा पडला तर स्वार त्याच्याखाली अडकतो.

सूचना एकानेच द्यायच्या. तिघांनी तीन बाजूंनी बोलायला सुरुवात केली, की ऑटिझम असलेले मूल गांगरते आणि घोडाही बिथरतो. आपल्या मैदानावर मराठी आणि गुजराती दोन्ही घरांतली मुले येतात, म्हणून घोडा निघण्यासाठी 'चल' हा एकच शब्द ठेवला आहे, तो दोघांच्याही तोंडी सहज बसतो. ज्या मुलाला बोलता येत नाही, ते आयाळीवर दोनदा थोपटते. तेवढी खूण झाल्याशिवाय घोडा हलवायचा नाही, मग मिनिटभर वाट पाहावी लागली तरी चालेल. दृष्टिहीन स्वाराला हात लावण्यापूर्वी आपले नाव सांग आणि वळण येण्याच्या आधी कळव.

घोड्याचाही विचार कर. तोल नसलेले ओझे पाठीला जड जाते. आपल्या काठेवाडी घोड्याचे आत वळलेले कान सारखे मागे जाऊ लागले किंवा शेपटी फटकारू लागली, तर फेरी तिथेच थांबव. मूल हिरमुसेल, आईही नाराज होईल. त्यांना खरे कारण सांग.

रविवारी साडेसहाच्या आत ये, कारण उन्हाळ्यात नऊनंतर घोडे बाहेर ठेवत नाही. बंद बूट घाल, कानातले आणि ओढणी घरी ठेव. पहिले चार रविवार तू फक्त खरारा करशील आणि रिकामा घोडा फिरवशील. पाचव्या रविवारी मी तुला एका मुलाच्या डाव्या बाजूला उभी करीन आणि मी उजवीकडे चालेन.

तुझा,
काका