कर्ज काढून जर्मनीला, आणि मग धंदा?

'दादा' म्हणून लिहिलंस, तेव्हा मी 'तू'च म्हणतो. तुझा प्रश्न थोडक्यात असा: घर खानापूर तालुक्यात, बेळगावात इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. काजूगर वाळवायच्या भट्टीतला ओलावा मोजणारं यंत्र तू प्रोजेक्ट म्हणून केलंयस. तुझ्या कॉलेजात इनक्युबेशन सेंटरचा, म्हणजे पोरांच्या नव्या धंद्यांना हात देणाऱ्या केंद्राचा, बोर्ड आहे आणि दाराला कुलूप आहे. जर्मनीतली विद्यापीठं म्हणे विद्यार्थ्यांना उद्योजक बनवतात. म्हणून शेत तारण ठेवून एज्युकेशन लोन काढायचं, मास्टर्स करायचं, तिथंच कंपनी काढायची. येऊ का?

एपीएस सर्टिफिकेट (आपले शिक्षणाचे कागद खरे असल्याचा दाखला), ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), व्हिसाची अपॉइंटमेंट हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलंय, तिथं वाच. एजंटाला पैसे देऊ नकोस. मी दोन ओळी लिहून झोपणार होतो, पण तुझा प्रश्न वाचल्यावर डोक्यात जे सुरू झालं ते थांबेना.

माझ्या वडिलांचं बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, मशीन शॉप होतं. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ग्राइंडर. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर मशिनिंगचं जॉबवर्क. खंडेनवमीला लेथच्या चकला हळदकुंकू आणि झेंडूची माळ, आणि आम्ही पोरं शेजारच्या शॉपमध्ये प्रसाद वाटत फिरायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बिलं लिहायला बसायचो. संध्याकाळी रॉकेलनं हात धुताना वडील विचारायचे, "त्यांचा फोन आला काय?" 'ते' म्हणजे ज्यांच्याकडे तीन-तीन महिने पेमेंट अडकलेलं असायचं ते. फोन आलेला नसायचा. मग शनिवारी कुणाकडून तरी हातउसने आणून कामगारांचा पगार व्हायचा. मी इंजिनिअर झालो, इकडं जर्मनीत आलो. शॉप त्यांनी आणखी काही वर्षं ओढलं आणि मग लेथ भंगाराच्या भावानं गेले. मला ते फोनवर कळलं, तेही आईकडून. वडिलांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही, आजतागायत.

आईबाप धंद्यात असले की मुलं धंद्यात पडायची शक्यता वाढते, असं यावरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलंय. माझ्या बाबतीत ते उलटं झालं असं मी बरीच वर्षं सांगत आलो. पण आमच्या कंपनीच्या मीटिंगमध्ये लहान सप्लायरचं पेमेंट लांबवायची गोष्ट निघाली की सगळ्यांत आधी मीच भांडायला उठतो. बायको म्हणते, एवढी खाज आहे तर स्वतःचं काढायचं होतं की. काय उत्तर देणार?

आता विद्यापीठाचं. नेदरलँड्समधल्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांना वर्षभर खरीखुरी छोटी कंपनी चालवायला लावायचे. शेअर विकायचे, माल विकायचा, शेवटी कंपनी गुंडाळायची. त्याचा अभ्यास 2010 साली छापून आला. निकाल असा की मुलांच्या कौशल्यात फारसा फरक दिसला नाही, आणि उद्योजक व्हायची इच्छा उलट कमी झाली. लोक याला अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही. वडिलांच्या शॉपमध्ये बिलं लिहिताना माझं जे झालं, तेच त्या पोरांचं झालं असणार. तर इनक्युबेशन सेंटरचं कुलूप उघडलं असतं तरी फार काही झालं असतं असं समजू नकोस.

मग पोरं धंद्यात पडतात कशानं? म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचं नाव तू घेतलंस. तिथं 2002 पासून उंटरनेमरटुम नावाचं उद्योजकांसाठीचं मोठं केंद्र आहे, वर्कशॉप आहे, मार्गदर्शक आहेत, सगळं आहे. तिथल्याच तीन विद्यार्थ्यांनी 2011 मध्ये काढलेली सेलोनिस ही सॉफ्टवेअर कंपनी आज जगभर चालते. पण त्या पोरांची सुरुवात बघ. विद्यार्थ्यांच्या सल्लागार क्लबमधून त्यांना बायर्न (बव्हेरिया) राज्याच्या रेडिओ-टीव्ही संस्थेचं काम मिळालं होतं. तिथली अडचण सोडवता सोडवता त्यांना आपला माल काय ते सापडलं. म्हणजे आधी गिऱ्हाईक, मग कंपनी. विद्यापीठानं त्यांना गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत जाता येईल अशी जागा दिली, हे खरं, आणि ती फार मोठी गोष्ट आहे.

आणि आपल्या बेळगावचंच बघायचं तर लक्ष्मणराव किर्लोस्कर. प्रत्येक गॅदरिंगला पाहुणे सांगतात, 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान, तिथून एवढं साम्राज्य. पाहुणे हे सांगत नाहीत की लक्ष्मणराव तेव्हा मुंबईला व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत मास्तर होते, तिथून सायकली पाठवायचे आणि भाऊ रामूअण्णा इथं त्या विकायचे. एकाचा पगार चालू होता म्हणून दुसऱ्याला दुकान सांभाळता आलं. पुढं लोखंडी नांगर केला तर शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन नासते. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणतात. ती दोन वर्षं काढता आली, हाच सगळा मुद्दा आहे बघ. शेवटी बेळगावची जागासुद्धा सोडावी लागली, आणि 1910 मध्ये औंधच्या राजानं दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आता तुझा हिशेब. ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे 11,904 युरो दाखवायचे. म्युनिकच्या त्या विद्यापीठानं 2024 च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्यांना फी लावलीय, मास्टर्सला सेमिस्टरला 4,000 किंवा 6,000 युरो. उद्योजकांसाठी सगळ्यांत नावाजलेलं ठिकाण, आणि तिथं तू जाणार शेतावर बोजा चढवून. पास झालास की नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. त्याच सुमाराला बँकेचा हप्ता सुरू होतो आणि घरून फोन येतो, "काय झालं रे नोकरीचं?" अशा वेळी कंपनी काढायला वाघाचं काळीज लागतं. माझ्याबरोबर आलेल्यांतल्या एकालाही मी ते करताना बघितलं नाही. माझ्या डोक्यावर लोन तुझ्यापेक्षा बरंच कमी होतं, तरी पहिली ऑफर आली तशी मी सही केली. पुन्हा तशी वेळ आली तरी मी सहीच करीन.

दुसरं, विद्यार्थी असताना मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यासोबत घडीचा एक कागद येतो. त्यावर लिहिलेलं असतं की नोकरी इतके दिवस चालेल, स्वतःचा व्यवसाय चालणार नाही. व्यवसायाला वेगळी परवानगी मागावी लागते. शेजारच्या बाकावरचा जर्मन पोरगा सकाळी नगरपालिकेत जाऊन थोड्याशा फीमध्ये धंद्याची नोंद करून येतो, आणि तू महिनाभर पत्राची वाट बघतोस. एक्झिस्ट नावाची सरकारी वृत्ती चांगली आहे, पदवीधराला महिना 2,500 युरो, शिकणाऱ्याला 1,000, वर्षभर. अर्ज विद्यापीठामार्फतच जातो. पण तिच्यासाठीही टीम लागते, पाठीशी उभा राहणारा प्राध्यापक लागतो, आणि जर्मन चांगलं लागतं. क्लासमधलं नव्हे, खरेदी खात्यातल्या माणसाशी घासाघीस करता येईल असं.

मला इथं राहण्याचा कायमचा परवाना मिळाला तेव्हा मनात आलं, आता काढू शॉप. तोवर घराचं कर्ज झालं होतं आणि मुलगी झाली होती.

कागदांचं विचारलं नाहीस, पण सांगतो. मुलीचा जन्म इथला. जन्मनोंदणीच्या ऑफिसला आम्हा दोघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला हवा होता. माझा दाखला बेळगावचा, जुना, कानडीतला. बायको चंदगड तालुक्यातली, लग्न तिकडं झालेलं, तिचे कागद मराठीत. मराठीतून जर्मन करणारी एक शपथबद्ध अनुवादक मिळाली, कानडीवाला शोधता शोधता जीव गेला. मी दिल्लीचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावेत म्हणून मारलेला सरकारी शिक्का, करून आणलं होतं, ते त्यांनी बाजूला सारलं. भारतीय कागदांवरचं अपोस्टिल जर्मनी मानतच नव्हती, कागद जर्मन वकिलातीच्या वकिलाकरवी पडताळून घ्यायचे होते. आणि माझं गाव कर्नाटकात म्हणून पडताळणी बंगळूरच्या वकिलातीतून, बायकोचं महाराष्ट्रात म्हणून मुंबईच्या. दोन्ही गावं एका एसटीच्या अंतरावर! खिडकीतल्या बाईनं आणखी विचारलं, दाखल्यावर एक गाव आणि पासपोर्टवर दुसरंच, हे कसं? तिला 1 नोव्हेंबर 2014 ला गावाचं इंग्रजी नाव सरकारनं बदललं इथपासून समजावत बसलो. सीमावादाबद्दल मी लहानपणापासून ऐकत आलो, मोर्चे बघितले, पण सीमेनं मला खरा त्रास कुठं दिला असेल तर तो बायर्नमधल्या त्या खिडकीवर.

पडताळणीचा माणूस आमच्या वडगावच्या गल्लीत चौकशीला गेला होता. शेजारच्या काकूंनी त्याला चहा पाजला आणि माझ्या मुंजीपासून सगळं सांगितलं. आईला वाटलं पोलीस केस आहे, ती दोन दिवस जेवली नाही. हे सगळं होईपर्यंत मुलीच्या जन्माच्या कागदावर 'आईवडिलांची ओळख सिद्ध नाही' अशा अर्थाचा शेरा होता.

त्याच मुलीच्या शाळेचं अजून डाचतंय. आमच्या राज्यात चौथीतच ठरतं की पोरगं गिम्नाझिउमला जाणार, म्हणजे सरळ विद्यापीठाच्या वाटेला, की दुसऱ्या शाळेला. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हींची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली हवी. इथं 1 सगळ्यांत चांगला. पोरीची आली 2.66. गणितात 2, बाकी दोन्हींत 3. बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "घरी तुम्ही जर्मन बोलत नाही ना?" आम्ही मराठी बोलतो. मी स्वतः बेळगावात मराठी शाळेत शिकलो, पुढं कानडी शिकलो, इंग्रजीतून इंजिनिअर झालो, जर्मनमध्ये नोकरी करतो, आणि या बाई मला सांगणार की घरात एक भाषा जास्त झाली! तीन दिवसांचे चाचणीचे वर्ग असतात, त्याला बसवू म्हटलं तर पोरगी म्हणाली, नको बाबा, माझ्या मैत्रिणी रेआलशूलला (त्या दुसऱ्या शाळेला) चालल्यात. गेली. मजेत आहे. सुतारकामाच्या तासाला तिनं स्टूल केलंय, एक पाय किंचित आखूड, तो तिनं स्वतःच पॅकिंग लावून सरळ केला. तिथून पुढं कारागिरी शिकून, माइस्टर, म्हणजे परीक्षा दिलेला उस्ताद कारागीर, होऊन, स्वतःचं वर्कशॉप काढणारे इथं पुष्कळ असतात. हे मला माहीत आहे आणि तरी मी त्या बाईंना रस्त्यात बघितलं की पलीकडच्या बाजूला जातो.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. हिवाळ्यात साडेचारला अंधार, रविवारी दुकानं बंद. सवय होते. स्वयंपाक शिकून ये.

तर, काय कर. यायचंच असेल तर मोठ्या नावामागे लागू नकोस. फी नसलेलं, कारखान्यांच्या पट्ट्यातलं एखादं उपयोजित विज्ञानाचं कॉलेज बघ, आणि शिकताना शंभरेक माणसांच्या छोट्या कंपनीत काम धर. तिथं मालक डब्यातली पोळी खाताना भेटतो. पण त्याआधी एक वर्ष थांबता आलं तर थांब. तुझं गिऱ्हाईक मला तरी जर्मनीत दिसत नाही. ते चंदगडात आहे, खानापुरात आहे. काजूगर जास्त वाळला की तुटतो आणि तुकड्याचा भाव पडतो, कमी वाळला की साल निघत नाही, हे तूच लिहिलंयस. आज ते भट्टीवाले हातानं चोळून अंदाज घेतात. एकाला गाठ. यंत्र फुकट देऊ नकोस, दोन हजार का होईना घे आणि बिल फाड. फुकट दिलेलं यंत्र कोपऱ्यात पडतं, पैसे दिलेल्याचा माणूस रात्री फोन करून शिव्या देतो. त्या शिव्या लिहून ठेव.

यंत्राची डबा-बॉडी करायची असेल तर उद्यमबागेत माझा एक वर्गमित्र आहे. गेला नाही तो कुठं. आधी एक जुना लेथ, आता चार व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं, आहेत त्याच्याकडे. आमच्या कंपनीचं थोडं काम मीच त्याच्याकडे वळवलंय. तो मला 'साहेब' म्हणतो, चेष्टेनं. ती मला दरवेळी लागते. तुझं नाव सांगतो त्याला, पहिले दोन पीस तो मजुरी न घेता करून देईल. तिसऱ्याला पैसे मोज.

चंदगडला जाऊन आलास की काय झालं ते लिही. आणि बँकेत सही करायच्या आधी हप्त्याचा आकडा मला पाठव. तुमच्याकडचे रात्री साडेनऊ झाले की मी ऑफिसातून सुटलेला असतो, तेव्हा फोन केलास तरी चालेल.