मटाराच्या करंज्या आठ दिवस आधी करून ठेवायच्या तर

साठ माणसांचं डोहाळजेवण, 200 मटाराच्या करंज्या, आणि त्या आठ दिवस आधी करून फ्रीझरमध्ये टाकायच्या आहेत. मागच्या वेळी हाच प्रयोग केलात तेव्हा निम्म्या तेलात फुटल्या नि उरलेल्या मऊ पडल्या, म्हणून आता धीर होत नाही, असं तुम्ही लिहिलंत, आणि सारणात बटाटा घालू का हेही विचारलंत. बरोबर ना? करता येतात हो. मी डोंबिवलीत चौदा वर्षं घरून ऑर्डरी घेते आणि डिसेंबर-जानेवारीत आमच्या फ्रीझरमध्ये बर्फाच्या ट्रेलाही जागा नसते. पण सुरुवातीची दोन वर्षं माझ्याही करंज्या फुटतच होत्या.

मला या वाटेला लावलं ते समोर राहणाऱ्या बोहरी चाचींनी. रमजानच्या आधी पंधरा दिवस त्यांच्याकडे पट्टी समोशांचा कारखाना चाले. घरातल्या सगळ्या बायका पट्ट्या दुमडायला, कडेला मैद्याची खळ लावायला, आणि पाकिटं थेट फ्रीझरमध्ये. पुढे महिनाभर रोज संध्याकाळी दहा-बारा काढायचे नि तळायचे. एकही फुटत नसे. मी तेच बघून कच्च्या करंज्या डब्यात भरून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर ऐंशी करंज्यांचं एकच ढेकूळ! सुरीने सोडवायला गेले तर पाऱ्या फाटल्या. चाची हसल्या आणि म्हणाल्या, आमची पट्टी तव्यावर शेकलेली असते, तुझी पारी ओली आहे.

सगळी मेख यात आहे. पट्टीतलं बरंचसं पाणी तव्यावरच उडालेलं असतं. करंजीची पारी कच्ची, सारण ओलसर. घरच्या फ्रीझरमध्ये पदार्थ हळूहळू गोठतो, म्हणून त्यातल्या पाण्याचे मोठे खडे होतात. ते पारीला बारीक तडे देतात. तळताना बर्फाचं पाणी, पाण्याची वाफ, आणि वाफ त्याच तड्यांतून बाहेर. त्यात तुम्ही तळायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवल्या असतील, तर वरून हवेतलं पाणीही बसलं. म्हणून मी करंज्या अर्ध्या तळून गोठवते. कच्च्या गोठवतच नाही. घरच्या चार माणसांसाठी वीस करायच्या असतील तर कच्च्या चालतील एखादवेळ, कार्याला नको.

आता सारण. थंडीत आपल्याकडे जबलपूरकडचा मटार ढिगाने येतो, पावसाळ्याच्या अखेरीस पुरंदरचा. दोन्ही चांगले, फक्त कोवळा बघून घ्या. जून दाणा पिठूळ लागतो. एक किलो शेंगांचे साधारण साडेचारशे ग्रॅम दाणे पडतात, कधी थोडे कमी. 200 करंज्यांना अडीच किलो सोललेले दाणे धरा, म्हणजे साडेपाच ते सहा किलो शेंगा. सोलायला माणसं गोळा करा, एकटीने करू नका. परदेशात असाल किंवा मोसम नसेल तर गोठवलेल्या पाकिटातला मटार घ्या. तो गरम पाण्यातून काढलेलाच असतो, पुन्हा शिजवायला नको. पण पूर्ण निथळून फडक्यावर कोरडा करा. त्यात पाणी किती असतं ते फडकं पिळलंत की कळेल.

दाणे उकडायचे नाहीत. मिक्सरला थांबत थांबत, पाणी न घालता जाडसर भरड काढा, आणि हिंग, जिरं, आलं-मिरचीच्या फोडणीत पसरट कढईत परता. पहिल्यांदा झाकण ठेवून एक वाफ, मग झाकण काढून चांगलं अर्धा तास. घाई इथेच होते. हिरवा रंग जाईल म्हणून बायका लवकर उतरवतात. उलथन्याने मधोमध रेघ ओढा. रेघ मिटली नाही आणि चिमटीत दाबून बोटाला ओल लागली नाही, तर सारण झालं. खोबरं मी अर्धं ओलं, अर्धं सुकं भाजून घालते. सगळं ओलं घातलं तर पाणीही वाढतं आणि महिन्याभराने खवट वास यायला लागतो. लिंबाऐवजी आमचूर. शेवटी जाडे पोहे भाजून, भरड करून, दाण्यांच्या दर किलोला दोन मुठी. ते उरलीसुरली ओल पितात आणि खाताना कळतही नाहीत. कोथिंबीर अगदी कोरडी करून, थोडीच. लवंग आणि लसूण मी टाळते, गोठवल्यावर त्यांचाच वास पुढे येतो.

तुम्ही विचारलेला बटाटा? नको. मटारात बटाटा घालून सारण वाढवायची युक्ती ताज्या करंजीला ठीक आहे. गोठवलेला बटाटा पाणी सोडतो आणि दाताखाली रवाळ, स्पंजासारखा लागतो. बाजारातल्या गोठवलेल्या समोशात असतो खरा, पण त्यांची यंत्रं काही मिनिटांत गोठवतात, आपला फ्रीझर रात्रभर घेतो. कच्चा कांदा तर नकोच. तुरीच्या कोवळ्या दाण्यांचं सारण मात्र मटाराइतकंच छान टिकतं. गुजराती घरांत लीलवा कचोऱ्या थंडीत करून ठेवतात त्या उगीच नाही. नागपूरच्या सांबारवडीच्या, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेल्या वडीच्या, वाटेला एकदा गेले होते. इतकी कोथिंबीर गोठली की तिचा चोथा होतो. ती ताजीच खावी.

सारण मोठ्या ताटांत पसरून पंख्याखाली निववा, पण दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका. शिजवलेलं ओलं खोबरं आहे, आंबायला वेळ लागत नाही. मग झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. थंडगार सारण भरायला सोपं जातं आणि पारीला घाम आणत नाही.

पारीला 200 करंज्यांसाठी दीड किलो मैदा नि अर्धा किलो बारीक रवा. मोहन कडकडीत तेलाचं, सगळं मिळून साधारण 200 मिली. यापेक्षा जास्त मोहन घातलंत तर करंजी खुसखुशीत होते खरी, पण गोठल्यावर कडा खपल्यासारख्या निघतात. सोडा अजिबात नको. पीठ घट्ट भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा, मग कुटून घ्या. पाट्यावर वरवंट्याने कुटायची ताकद आता माझ्यात नाही. मी फूड प्रोसेसरला लावते, कोणाला सांगत नाही.

मुरड घालायची हौस असेल तर ती ताज्या करंज्यांवर भागवा. मुरडीत पारीचे थर एकावर एक बसतात, तिथे ती जाड राहते आणि दुसऱ्या तळणीत आतून कच्चट लागते. इथे साचा किंवा कातणच बरं. कड जोडायला पाण्याचं बोट फिरवू नका, मैद्याची दाटसर खळ लावा. आणि सारण भरपूर. आपल्याकडे सारण कमी असलेल्या करंजीला खुळखुळा म्हणून हसतात, पण नुसती चेष्टेची गोष्ट नाही ती. मोकळ्या जागेतली हवा तेलात फुगते आणि कड उघडते. भरताना आतली हवा हलक्या हाताने दाबून काढा, मग कड मिटवा. भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली, आणि वीस-पंचवीस झाल्या की एक घाणा काढायचा. सगळ्या भरून मग तळायला बसू नका, खालच्या चिकटतात.

पहिली तळण मंद. पिठाची गोळी टाकली तर ती तळाशी बसून, सावकाश बुडबुडे सोडत वर आली पाहिजे. लगेच उसळून आली तर तेल जास्त तापलंय. चार-पाच मिनिटांत पारी घट्ट होते, पांढरटच असते, तेव्हाच काढायची. रंग धरू द्यायचा नाही. बघणाऱ्याला वाटेल तुम्ही कच्च्या काढल्यात. वाटू दे. जाळीवर उभ्या करून पूर्ण गार करा, तासभर तरी. एखादीची कड उघडलीच असेल तर ती आजच पुरती तळून चहाबरोबर संपवा, तिला फ्रीझरमध्ये पाठवू नका.

गोठवायला स्टीलची ताटं घ्या, प्लॅस्टिकच्या ट्रेपेक्षा लवकर गार होतात. एका थरात, एकमेकींना न लागता. एका वेळी चाळीस-पन्नासच. 200 एकदम कोंबल्यात तर फ्रीझरचंच तापमान चढतं आणि सगळ्याच हळू गोठतात. चार-पाच तासांनी दगडासारख्या झाल्या की झिपच्या पिशवीत वीस-वीस भरा, हवा काढून घट्ट बंद करा, वर तारीख लिहा. हवा राहिली की पारी सुकते आणि पांढरे चट्टे पडतात. खाऊन काही होत नाही, पण चव पुठ्ठ्यासारखी. चांगल्या, दोन दारांच्या फ्रिजमध्ये मी महिना-दीड महिना निर्धास्त ठेवते. एका दाराच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यावर मात्र पंधरा दिवसांच्या वर विसंबत नाही. तिथे आइस्क्रीमसुद्धा धड घट्ट राहत नाही. तुमचे आठ दिवस दोन्हीकडे निघतील.

वीज जाते का तुमच्याकडे? मग एक करा. वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा आणि ती वाटी पिशव्यांशेजारी असू द्या. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय असं समजा. एकदा गावाहून आले तर नाणं वाटीच्या तळाशी होतं. साठ करंज्या टाकल्या, ऑर्डरचे पैसे परत केले. जीव तुटला, पण डोहाळजेवणाला कोणाचं पोट बिघडवायचं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी पिशवी थेट फ्रीझरमधून कढईपाशी. वितळवायच्या नाहीत, हे सगळ्यात महत्त्वाचं. मध्यम आच, भरपूर तेल, आणि एका वेळी सात-आठच, कारण गोठलेल्या करंज्या पडल्या की तेल झपकन थंड होतं आणि मग त्या तेल पितात. पाच-सहा मिनिटं लागतील. मोठ्या आचेवर दोन मिनिटांत सोनेरी दिसतील, पण आत बर्फ असेल. पहिल्या घाण्यातली एक मोडून बघा, मधलं सारण चटका देणारं गरम हवं. घरी एअर फ्रायर असेल तर 180 अंशांवर बारा-पंधरा मिनिटं, मधे एकदा उलटायच्या. अर्ध्या तळलेल्या असल्याने वरून तेल लावायला नको. ओव्हनमध्ये कच्च्या भाजायचा नाद मी सोडलाय, बिस्किटं होतात.

तळलेल्या करंज्या डब्यात बंद करू नका, वाफेने सादळतात. जाळीवर किंवा बांबूच्या टोपलीत मोकळ्या ठेवा. वर्तमानपत्रावर नको, शाई उतरते.

हॉलवर तळणार असाल तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांबरोबर न्या, आणि हॉलवरच्या आचाऱ्याला आधीच सांगून ठेवा. त्याचा पहिला विचार असतो, सगळ्या परातीत ओतून सुट्या करून ठेवू. मी एकदा पोचेपर्यंत त्याने ओतल्या होत्या. पिशव्या तुमच्याच कोणाच्या तरी ताब्यात द्या आणि एकेक पिशवी मोजून मागायला लावा. उरलेल्या, न तळलेल्या करंज्या घट्ट असतील तरच परत फ्रीझरमध्ये जातील. मऊ झाल्या असतील तर तिथेच तळून वाटून टाका.

आणि 200 लागणार असतील तर 215 करा. पहिल्या घाण्यातल्या चार-पाच आचारीच चाखतो.