नजर चांगली, डोळ्याचं प्रेशर नॉर्मल, तरी 'अँगल अरुंद' म्हणून आईला लेसर सांगितलंय. करून घ्यावं का?

मी तीन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांना करून घेतलं. माझ्या आईचा डावा डोळा याच दुखण्याने गेला. रात्री डोकं ठणकलं, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. आम्ही पित्त समजलो आणि दोन दिवस घालवले. तो काचबिंदूचा अटॅक होता.

डोळ्यात सतत पाणी तयार होतं. ते आयरिसच्या, म्हणजे रंगीत पडद्याच्या, मागून बाहुलीतून पुढे येतं आणि कडेच्या कोपऱ्यातून झिरपून जातं. हा कोपरा म्हणजेच अँगल. वयाबरोबर आतलं भिंग जाड होतं, बाहुलीपाशी वाट अडते, मागे तुंबलेलं पाणी आयरिसला पुढे ढकलतं आणि कोपरा मिटतो. तो एकदम मिटला की डोळ्याचं प्रेशर झपाट्याने चढतं, तोच अटॅक. याग लेसरने आयरिसच्या कडेला बारीक भोक पाडून पाण्याला दुसरी वाट देतात. त्याला आयरिडोटॉमी म्हणतात, दवाखान्यात नुसतं 'पीआय'.

आधी बाहुली आकसायचे थेंब घालतात. त्यांनी माझी भुवई चांगलीच दुखली. लेसर काही मिनिटांतच झालं. आपल्यासारख्या जाड तपकिरी आयरिसला कधी आधी दुसऱ्या लेसरने पातळ करावं लागतं. थोडं रक्त येऊ शकतं, प्रेशर तात्पुरतं चढू शकतं. म्हणून तासाभराने प्रेशर मोजल्याशिवाय घरी येऊ नका. नजर सुधारत नाही, चष्मा जात नाही. काहींना नंतर प्रकाशाची रेघ दिसते.

पण घाई करू नका. आधी विचारा, गोनिओस्कोपीत, म्हणजे डोळ्यावर भिंग ठेवून कोपरा बघायच्या तपासणीत, काय दिसलं? कोपरा नुसता अरुंद आहे, की तिथे आयरिस कुठे चिकटलाय? चीनमधल्या ग्वांगझूच्या 889 जणांच्या अभ्यासात (2019) नुसता अरुंद कोपरा असलेल्यांत लेसरने कोपरा मिटून त्रास होण्याचा धोका निम्म्यावर आला, पण मुळातच तो कमी होता: वर्षाला हजार डोळ्यांमागे 8 चा 4. म्हणजे चिकटलेलं नसेल तर विचाराला वेळ आहे. मात्र घरात कुणाला अटॅक आलेला असेल, किंवा तपासणीला वरचेवर जाणं जमणार नसेल, तर मी करून घ्या म्हणेन. प्रेशर फार चढलेलं असेल किंवा डोळ्याच्या नसेला इजा झाली असेल, तर पन्नाशीनंतर मोतीबिंदूसारखं भिंगाचं ऑपरेशन लेसरपेक्षा सरस ठरू शकतं, तेही विचारा.

तोवर सर्दीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच द्या, काहींनी बाहुली मोठी होते आणि अरुंद कोपरा मिटू शकतो. डोळा लाल होऊन डोकं दुखलं आणि उलटी झाली, तर रात्री असलात तरी निघा.

आणि तुमचाही अँगल तपासून घ्या. माझा आईमुळेच सापडला.