पास दोन, घरची माणसं पाच

यंदा टपालानं आणि फोनवर जेवढे प्रश्न आले त्यातले निम्मे तरी पदवीदानाचे होते. कुणाला पासची अडचण, कुणाला सुट्टीची, कुणाला घरच्यांची. म्हणून हा अख्खा अंक त्यालाच दिला. मी स्वतः कॉलेजात शिकवत होते तेव्हा हा कार्यक्रम बऱ्याच वर्षी माझ्याकडंच असायचा, त्यामुळं जे सांगतेय ते बघितलेलं सांगतेय.

ताई नमस्कार, मी गेवराई तालुक्यातली. यंदा बीएस्सी झाले, आमच्या घरात पहिलीच. कॉलेजात पदवी वितरण आहे आणि पास दोनच द्यायलेत. आई-वडील ऊसतोडीला गेलेत, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली आहे, टोळीचा मुकादम सोडल का नाही माहीत नाही. ते दरवर्षी सहा महिने नसायचे तेव्हा मला आणि दोन्ही भावांना आजीनं सांभाळलं. भाऊ म्हणतो म्हातारीला कशाला त्रास, मी गाडीवर येतो न् फोटो काढतो. आणि आई तर फोनवर म्हणायलीय, मला तिथलं काय कळणार, उगं तुझ्या मैत्रिणींपुढं तुझी मान खाली जाईल. काय करू?

पोरी, पहिला पास आजीचा. त्यात विचार करायचाच नाही. भाऊ बाहेर थांबंल, फोटो बाहेर पण निघतात.

आता आई-वडलांचं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकजण निघाला की दुसऱ्याचं काम अडतं, आणि खाडा पडला की हिशोबातून पैसे कटतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. म्हणून आदल्या दिवशी फोन करून या म्हणू नको. तारीख कळली की त्याच दिवशी सांग, वडलांना मुकादमाशी बोलू दे, टोळीत चुलता-मामा कुणी असंल तर एका दिवसाची बदली होते, माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरच्यांनी तसं केलंय. आणि कॉलेजच्या ऑफिसात साध्या कागदावर अर्ज दे की घरातली पहिली पदवी आहे, दोन पास जास्तीचे पाहिजेत. दरवर्षी नोंदणी केलेली कितीतरी पोरं येत नाहीत, नोकरीला लागलेली असतात, त्यांच्या खुर्च्या रिकाम्याच राहतात. आदल्या दिवशी दुपारी परत एकदा जाऊन विचार. लाजू नको.

आईच्या बोलण्याचं मात्र मला फार लागलं, का ते सांगते. माझं पदवीदान १९८३ सालचं. मी होस्टेलला, वडील परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून पहाटेच्या एसटीनं आले. मला माहीत होतं येणारेत ते. पण माझ्या मैत्रिणींचे वडील कुणी मास्तर, कुणी तहसीलमधे, सगळे पॅन्ट-शर्टातले, आणि माझे धोतरातले. मी गेटवर गेलेच नाही, आतच बसून राहिले. शिपायानं त्यांना पास विचारला, त्यांच्याकडं नव्हता, ते गुपचूप बाजूला लिंबाखाली जाऊन बसले. दोन तासांनी मी बाहेर आले तर तिथंच होते, डोक्यावर नवी टोपी, दुकानातल्या घडीची रेघ अजून मोडली नव्हती, मांडीवर फडक्यात भाकरी न् ठेचा. उठून उभं राहिले आणि विचारलं, झालं का? मी पदवी पुढं केली तर त्यांनी धोतराला दोन्ही हात पुसले आणि मग परत म्हणाले, तूच धर, घाम लागल.

मी एक चिठ्ठी शिपायाकडं दिली असती तरी ते आत बसले असते. मी दिली नाही. वडील जाऊन आता सोळा वर्षं झाली, आणि ही गोष्ट मी त्यांच्यापाशी कधी बोलले नाही.

म्हणून आईला सांग की तुला तिथलं काही कळायची गरज नाही, माझं नाव पुकारतील ते तुला कळतं ना, बास. आणि नाहीच जमलं येणं, तर आजीला पुढच्या रांगेत बसव, भावाला व्हिडिओ कॉल लावू दे, आणि त्याच आठवड्यात पदवी घेऊन तू स्वतः कारखान्याच्या तळावर जा. गाऊन भाड्यानं घेतला असंल तर दोन दिवस जास्तीचा ठेव. त्यांच्या कोपीपुढं, झोपडीपुढं, आई-वडलांच्या मधे उभं राहून फोटो काढ, आणि हॉलमधल्या फोटोच्या आधी तो फ्रेम कर.

मॅडम, मी जिंतूर तालुक्यातला शेतकरी. पोरगं बीकॉम झालं. काळा झगा न् चौकोनी टोपी भाड्यानं आणायलंय. ही कुठली रीत? आणि दीक्षांत दीक्षांत म्हणतात, त्यात होतं तरी काय? आम्ही कुठं बसायचं, काय करायचं?

भाऊ, प्रश्न एकदम बरोबर विचारलात, पोरांना पण हे कुणी सांगत नाही.

झगा इंग्रजांच्या विद्यापीठांतून आला. तिकडं जुन्या काळी शिकवणारे लोक चर्चमधले असायचे, थंडी पण मरणाची, त्यामुळं लांब अंगरखे, तेच पुढं विद्वानाचं चिन्ह झालं. आपल्याकडं १८५७ ला मुंबई, कलकत्ता न् मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली तेव्हा ती रीत सोबत आली. मुंबईचे पहिले बीए १८६२ साली झाले, फक्त चारजण, त्यात न्यायमूर्ती रानडे न् भांडारकर होते. दीक्षांत हा शब्द मात्र आपला, शिक्षणाची दीक्षा संपली असा. पूर्वी गुरूच्या घरून शिकून निघताना पोराला आंघोळ घालायचे, त्या स्नानावरून स्नातक, आणि निघताना गुरू सांगायचा, सत्यं वद, धर्मं चर, मातृदेवो भव. तैत्तिरीय उपनिषदातलं आहे ते, काही ठिकाणी अजून म्हणतात.

झग्याच्या ऐवजी बऱ्याच ठिकाणी आता कुर्ता न् उपरणं आलंय. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०१९ मधे विद्यापीठांना हातमागाचं कापड वापरा म्हणून कळवलं पण होतं. मला विचाराल तर आपल्या इकडं पैठणी आहे, हिमरू आहे, त्या काठाचं उपरणं पोरांच्या खांद्यावर पडलं तर किती देखणं दिसंल, आणि विणणाऱ्याच्या हाताला काम. पण पोरानं झगा आणलाच असंल तर घालू द्या, हौस आहे त्याची.

विद्यापीठाच्या मुख्य समारंभात मिरवणूक येते, कुलपती म्हणजे राज्यपाल, ते नाहीतर पाहुणे, मग कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता. अधिष्ठाता आपापल्या शाखेची पोरं उभी करतात आणि पदवी जाहीर होते. स्टेजवर बहुतेक पीएचडीवाले न् सुवर्णपदकवाले. बीए-बीकॉम-बीएस्सीच्या पोरांची पदवी नंतर कॉलेजात येते आणि तिथं छोटा कार्यक्रम होतो, तुमचा तोच असणार. मला तोच जास्त आवडतो, कारण तिथं प्रत्येकाचं नाव घेतात.

तुम्ही लवकर या, मधल्या वाटेच्या कडंची खुर्ची धरा म्हणजे पोरगं जाताना दिसंल. मिरवणूक येताना सगळे उभं राहतात तेव्हा उभं राहायचं, एवढंच. आणि नाव पुकारल्यावर टाळ्या वाजवा, जोरात वाजवा. मोठी माणसं हात आवरून बसतात आणि पोरं स्टेजवरून बघत राहतात.

मी चाकणला कंपनीत आहे, गाव माजलगावकडं. सुट्टी मिळंना. नाही गेलो तर पदवी मिळंल का?

मिळंल. फॉर्म न् फी भरलेली असली की न येणाऱ्याची पदवी कॉलेजात ठेवतात, नंतर ओळखपत्र दाखवून घेता येते. दुसऱ्याला पाठवायचं तर ऑफिसात आधी विचार, अधिकारपत्र लागतं. डिजिलॉकरवर तुझ्या विद्यापीठानं टाकली असंल तर ती पण चालते, पण कागद घरी आण. हातात आल्या आल्या नावाचं स्पेलिंग आधारशी आणि दहावीच्या सर्टिफिकेटशी ताडून बघ, चूक असंल तर त्याच आठवड्यात अर्ज दे, पाच वर्षांनी नोकरीच्या पडताळणीत ती निघाली की फार पळापळ होते. आणि लॅमिनेशन करू नको. लॅमिनेशनवर पुढं कुठलाच शिक्का मारता येत नाही, प्लास्टिकच्या फोल्डरमधे ठेव.

पण एकदा सुपरवायझरला नीट विचार, बाबा. रजा म्हणून नाही, माझं पदवीदान आहे असं सांगून विचार. पुष्कळदा देतात.

ताई, मी औसा तालुक्यातली, वय ४१. बारावीत लग्न झालं. मुक्त विद्यापीठातून बीए पूर्ण केलं, लेकरांच्या अभ्यासासोबतच माझा अभ्यास. नाशिकला समारंभ आहे. आमचे मालक, म्हणजे नवरा, म्हणतात, या वयात टोपी घालून काय करायचं, लोक हसतील, पोस्टानं येईल की. सासूबाई गप्प आहेत.

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं तेच मुळी ज्यांचं शिक्षण मधे तुटलं त्यांच्यासाठी. तिथं तुम्हाला तुमच्या वयाच्या बायका दिसतील, वयानं मोठ्या पण दिसतील, अंगणवाडीताई, पोलीस, एसटीचे कंडक्टर दिसतील. कुणी हसत नाही तिथं. उलट मी एका वर्षी एका मैत्रिणीसोबत गेले होते तर माझ्या पुढच्या बाईंच्या अंबाड्यावर ती टोपी काही बसंना, घसरायची, मग त्यांच्या सुनेनं स्वतःच्या केसातल्या दोन पिना काढून पदरासकट टोपी पक्की केली, आणि नाव पुकारल्यावर सगळ्यात आधी ती सूनच उभी राहिली.

मालकांना असं सांगा की सकाळचा डबा करून, पाणी भरून, रात्री लाईट असंल तेव्हा जे वाचलं त्याचा हा कागद आहे, आणि तो तुमच्या सोबतीनं घ्यायचाय मला. नुसतं जायचंय म्हणू नका, सोबत चला म्हणा. माणूस बऱ्याचदा आपल्याला कुणी बोलावलं नाही म्हणून अडून बसतो. खर्चाचं म्हणाल तर एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढं असतील तर त्यांना फुकट. त्यांना पण विचारा. गप्प आहेत म्हणजे नको म्हणतायत असं नाही, त्यांना कधी शाळा मिळाली का ते एकदा विचारून बघा.

अजून एक. पदवीला तीन वर्षं झाली की तुम्हाला विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत देता येतं, आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचा मिळून एक आमदार असतो. ती यादी दर निवडणुकीला नव्यानं करतात, म्हणून फॉर्म स्वतःच भरावा लागतो. घरात दुसरं कुणी पदवीधर नसंल तर हे मत घरात फक्त तुम्हाला.

आम्ही कंधारचे. वडलांची १९८६ ची पदवी पावसात भिजून गेली, अक्षरं राहिली नाहीत. या वर्षी माझ्या मुलीचं पदवीदान आहे, तिला आजोबांच्या पदवीसोबत फोटो काढायचाय. दुसरी प्रत नांदेडच्या विद्यापीठात मिळंल का?

नांदेडला नाही, छत्रपती संभाजीनगरला जावं लागंल. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. त्याआधी सगळा मराठवाडा एकाच विद्यापीठाखाली होता, २३ ऑगस्ट १९५८ ला निघालेलं मराठवाडा विद्यापीठ. आणि त्याच्याही आधी आपली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. बाबासाहेबांनी १९५० मधे संभाजीनगरला मिलिंद कॉलेज काढलं तेव्हा इकडं गरिबाच्या पोराला पदवीपर्यंत पोचायची दुसरी वाटच फार थोडी होती.

वडलांच्या पदवीवर नुसतं मराठवाडा विद्यापीठ असणार, कारण बाबासाहेबांचं नाव १४ जानेवारी १९९४ ला लागलं. विधिमंडळात ठराव १९७८ ला झाला होता, मधली सोळा वर्षं या नामांतरापायी माणसांनी लाठ्या खाल्ल्या, घरं जळाली, जीव गेले. मुलीला हे सांगा, तिला त्या दोन कागदांमधलं अंतर कळंल.

दुसऱ्या प्रतीसाठी जुनी गुणपत्रिका, कॉलेजचा दाखला जे काही उरलं असंल ते, पास झाल्याचं वर्ष न् बैठक क्रमांक, आणि ओळखपत्र एवढं जमवा. प्रतिज्ञापत्र लागतं, ते तहसीलला करून घ्या. बैठक क्रमांक माहीत नसंल तर आधी वडलांच्या कॉलेजात जा, जुनी रजिस्टरं असतात, बाइंडिंग सुटलेली का होईना पण असतात. वेळ लागतो या कामाला, मुलीच्या कार्यक्रमाआधी नवी प्रत हातात येईलच असं नाही.

तोवर ती भिजलेली टाकून देऊ नका. दोन वर्तमानपत्रांच्या मधे सपाट ठेवून वाळवा, इस्त्री फिरवू नका. फोटोत तीच धरू द्या आजोबांना.