आकड्याला गाव हवं

प्रिय,

तुझ्या पेपरचा मसुदा वाचला. इंग्रजी कोणाकडून तपासून घेऊ आणि कोणत्या नियतकालिकाकडे पाठवू, असे दोन प्रश्न तू विचारलेस. दोन्ही सध्या बाजूला ठेव. मिठाच्या पाण्याने मालदांडी ज्वारीच्या मुळांची लांबी तुझ्या सारांशात ३३ टक्क्यांनी घटली आहे आणि निकालात २५ टक्क्यांनी. मुळं तीच, प्रयोग तोच.

तक्ता पाहिला. साध्या पाण्यावर १२.४ सेंमी, मिठाच्या पाण्यावर ९.३. फरक ३.१. त्याला १२.४ ने भागलं की २५ टक्के, ९.३ ने भागलं की ३३. घट सांगताना छेदात साध्या पाण्याचाच आकडा येतो, हे तुला मी सांगायला नको. गणित तुला येतं. सारांशातला आकडा कुठून तरी, बहुधा एखाद्या जुन्या पोस्टरवरून, उचलून आणलेला आहे आणि त्याला गाव नाही. माझा हट्ट एवढाच: आकड्याला गाव हवं. कोणती फाइल, कोणतं शीट, कोणत्या कुंड्या, हे बोट ठेवून दाखवता येत नसेल तर तो आकडा पेपरात नको.

काम कसं करायचं ते सांगते. मसुदा कागदावर छाप. हायलायटर घे आणि प्रत्येक आकडा रंगव: सरासरी, एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या), पी (खरा फरक नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता), तापमान, मिठाचं प्रमाण, दिवस, सगळं. मग चार रकान्यांचा तक्ता कर: आकडा, मसुद्यात कुठे कुठे आला, मूळ फाइल, कोणत्या गणिताने आला. एकच आकडा सारांश, निकाल, तक्ता, आकृती आणि आकृतीखालची ओळ अशा पाच ठिकाणी असतो. कुंडी एक वगळलीस की पाचही ठिकाणी बदल करावा लागतो. लोक दोन ठिकाणी करतात आणि दमतात. सारांश सर्वांत शेवटी, या तक्त्यावरूनच लिही. एकीने आकडे मोठ्याने वाचायचे, दुसरीने फाइलीत बघायचं. कंटाळवाणं आहे. कर.

आता एन. प्रत्येक पाण्याला चार कुंड्या, प्रत्येकीत पाच रोपं, आणि तू एन वीस लिहिलास. मिठाचं पाणी तू कुंडीला घातलंस, रोपाला नाही. एका कुंडीतली पाच रोपं एकाच मातीत, एकाच ओलाव्यात वाढली. ती एकमेकांची साक्षीदार होऊ शकत नाहीत. एन चार. कुंडीची सरासरी काढ आणि आलेखात चार ठिपके दाखव. नुसते खांब नकोत. जनुक किती सक्रिय आहे ते मोजणाऱ्या क्यूपीसीआर चाचणीतही एकाच सीडीएनएचा (आरएनएपासून बनवलेल्या डीएनएचा) नमुना प्लेटच्या तीन विहिरींत, म्हणजे तीन खळग्यांत, घातला म्हणून एन तीन होत नाही. ती फक्त तुझ्या पिपेटची परीक्षा.

एरर बार, म्हणजे खांबावरचा तो उभा दांडा, एसडीचा (आकडे किती विखुरलेत त्याचा) की एसईएमचा (सरासरी किती डळमळीत आहे त्याचा), हे आकृतीखाली कुठेच लिहिलेलं नाही. एन चार असेल तर एसईएम म्हणजे एसडीच्या बरोबर निम्मा, कारण चारचं वर्गमूळ दोन. न लिहिता निम्मा दांडा दाखवणं म्हणजे वाचकाच्या डोळ्यांत धूळ. मुद्दाम केलंस असं म्हणत नाही, पण परिणाम तोच.

जनुकाच्या पटींबद्दलही बोलते. सीटीमध्ये, म्हणजे क्यूपीसीआरचा संकेत ज्या फेरीला दिसू लागतो तिच्या आकड्यात, पाचचा फरक दिसला आणि तू ३२ पट लिहिलंस. ते दर फेरीला प्रत दुप्पट होते असं धरून. प्रायमरची, म्हणजे प्रती काढायला सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांची, कार्यक्षमता मोजलीस का? ती ८० टक्के निघाली तर १.८ चा पाचवा घात, म्हणजे जेमतेम १९ पट. सौम्य केलेल्या नमुन्यांवर उतार काढ, त्यातून निघणारी कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत बसते का बघ, आणि तो उतारही त्या चार रकान्यांत टाक.

पद्धतीच्या भागात सेंट्रिफ्यूजसाठी ‘१०,००० आरपीएम’, म्हणजे मिनिटाला फेऱ्या, असं आहे. रोटरची, म्हणजे त्याच्या फिरत्या चाकाची, त्रिज्या ६ सेंमी असेल तर ते सुमारे ६,७०० जी (गुरुत्वाच्या पटी) होतात, ८.४ सेंमी असेल तर सुमारे ९,४००. दुसऱ्या प्रयोगशाळेत तुझा आकडा परका होतो. जी मध्ये लिही. फूटपट्टीवर मिलिमीटर दिसतो, तर ९.३४७२ सेंमी कुठून आले? एक्सेलमधून. एक्सेल हा प्राणी जपून पाळायचा असतो. तू पाचव्या कुंडीतल्या तिसऱ्या रोपाला ‘५-३’ म्हणतेस, तो त्याचा ५ मार्च करतो. हसू नकोस. २०१६ मध्ये झालेल्या तपासणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे एक पंचमांश पेपरांत नावांच्या अशा चुका सापडल्या. ‘सेप्ट-२’सारखी मानवी जनुकांची नावं २०२० मध्ये बदलली गेली त्यामागे हेच कारण होतं. म्हणून रकाना आधी ‘टेक्स्ट’ कर, मग नोंदी भर. मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रतीवर काम करायचं.

आकृत्यांच्या बाबतीत थोडक्यात: एका स्तंभाची रुंदी साधारण ८५ ते ९० मिलिमीटर असते. तू १८० मिलिमीटरवर बारा पॉइंटची अक्षरं ठेवलीस, ती छापताना सहाची होतील. मूळ मापातच आखणी कर. पॉवरपॉइंटमधून जेपीजी काढू नकोस, आलेख पीडीएफमध्ये काढ.

नियतकालिक, कव्हर लेटर, लेखकांचा क्रम ही कामं दोन दिवसांची. तासाभरात स्तुती करून शुल्क मागणाऱ्या नियतकालिकांच्या ईमेलकडे तर बघूही नकोस. इंग्रजीचं म्हणशील तर तुझी वाक्यं साधी आहेत, ती चालतात. रिव्ह्यूअर अडतो तो आकड्यावर, आणि एकदा अडला की पुढच्या चांगल्या भागावरही त्याचा विश्वास बसत नाही.

मला किरकिरी म्हणतात, मला माहीत आहे. वेळ घालवते, मुलांना घाबरवते, असंही कानावर येतं. म्हणू देत. हा हट्ट मी फार उशिरा धरला, खंत वाटते ती तेवढीच.

आता शेवटचं, आणि याचं उत्तर मला आधी हवं. पानं पिवळी पडण्याचे गुण तू १ ते ५ असे पूर्णांकांत दिलेस. मिठाच्या वीस रोपांची सरासरी ३.४७ लिहिलीस. वीस पूर्णांकांची सरासरी ३.४५ किंवा ३.५० येते, मधलं काही येऊच शकत नाही. एक रोप कमी धरलं तर ३.४७ येतो: ६६ भागिले १९. एक रोप गेलं कुठे? उपटलं, हरवलं, की मिठानेच मेलं? मिठाने मेलं असेल आणि तू ते गाळलं असशील, तर सर्वांत जास्त सोसलेलं रोपच हिशेबाबाहेर राहिलं आणि तुझी मालदांडी आहे त्याहून चिवट दिसते आहे. नोंदवही काढ, ते रोप कोणत्या कुंडीतलं आणि कोणत्या तारखेपासून दिसत नाही ते बघ, आणि आज रात्रीच कळव.